डोक्याला वायरी लावतात, पण करंट देत नाहीत

वस्तीत कुणाला फिट आली आणि डॉक्टरांनी ईईजी काढायला सांगितला, की घरात पहिला प्रश्न येतो तो असा : "डोक्याला करंट लावणार का?" मग शेजारची एक बाई सांगते, तिच्या नात्यातल्या मुलीला शॉक दिले आणि ती पार बदलून गेली. दुसरी सांगते, हे बाहेरचे आहे, आधी दाखवून तरी बघा. चिठ्ठी कपाटात जाते आणि मुलगी मात्र फिट येऊन चुलीपाशी, मोरीत किंवा जिन्यात पडत राहते.

नर्सच्या नोकरीत आणि त्यानंतर वस्त्यांतून आरोग्याचे काम करताना आम्ही हे इतक्या घरांत पाहिले आहे, की या अंकात या एकाच विषयावर सविस्तर बोलायचे ठरवले. ईईजीचे यंत्र करंट देत नाही. आपल्या मेंदूत जो करंट जन्मापासून चालू आहे, तो ते फक्त मोजते आणि कागदावर किंवा पडद्यावर काढून दाखवते. ताप मोजणारा थर्मामीटर जसा अंगात ताप सोडत नाही, तसेच हे.

हा करंट असतो कसा, डोळ्यांसमोर दिवा लागला, लाल कपडा आला किंवा टीव्हीवर चित्र चमकले की त्यात काय फरक पडतो, हे समजले की अर्धी भीती जाते. उरलेली अर्धी घालवायला काय करायचे, तेही पुढे सांगतो.

डोळ्यात अंधाराचाही आवाज असतो

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यात प्रकाश ओळखणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडासारख्या लांबट पेशी एका डोळ्यात सुमारे दहा कोटी असतात. त्या मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. शंकूच्या आकाराच्या पेशी साधारण साठ लाख असतात. त्यांना भरपूर उजेड लागतो आणि रंग त्यांच्यामुळे कळतो. म्हणूनच लाइट गेल्यावर घरातली माणसे दिसतात, पण कुणाची साडी हिरवी आणि कुणाची निळी हे कळत नाही.

आपल्याला वाटते, उजेड पडला की या पेशींत वीज सुरू होत असेल. प्रत्यक्षात होते उलटेच. अंधारात या पेशींतून विजेचा बारीक प्रवाह सतत वाहत असतो. उजेड पडला की तो कमी होतो. म्हणजे ही पेशी अंधारात बोलत असते आणि उजेडात गप्प होते. उजेड जितका प्रखर, तितकी ती जास्त गप्प. पुढच्या पेशी या गप्प होण्याचाच अर्थ लावतात आणि मेंदूकडे निरोप धाडतात.

दंड पेशींत प्रकाश पकडणारे जे द्रव्य असते, ते तयार व्हायला 'अ' जीवनसत्त्व लागते. हे शोधणारे जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ साली आणखी दोन शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. हा शोध आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. 'अ' जीवनसत्त्व कमी पडले की दंड पेशींची विद्युत प्रतिक्रिया मंदावते आणि संध्याकाळ झाली की मूल ठेचकाळू लागते. यालाच आपण रातांधळेपणा म्हणतो. शेवग्याचा पाला, पालक, मेथी, लाल भोपळा, गाजर, पिकलेली पपई, अंडे या सगळ्यांतून ते मिळते. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सरकारी लसीकरणात 'अ' जीवनसत्त्वाचे नऊ डोस फुकट मिळतात. आपल्या बाळाचे किती झाले, ते कार्डावर बघा आणि राहिले असतील तर आशाताईंना विचारा.

रंग म्हणजे तुलना

शंकू पेशींचे तीन प्रकार आहेत. एक निळसर प्रकाशाला जास्त प्रतिसाद देतो, दुसरा हिरवटाला, तिसरा पिवळट-लाल बाजूच्या प्रकाशाला. पण एकटी शंकू पेशी रंग सांगू शकत नाही. ती फक्त 'किती' एवढेच सांगते. मंद लाल आणि प्रखर हिरवा या दोन्हींवर तिचा निरोप सारखाच असू शकतो. रंग कळतो तो तिघींच्या निरोपांची तुलना केल्यावर. दृष्टिपटलात आणि मेंदूच्या वाटेवर अशा पेशी आहेत, ज्या लाल बाजूकडून आलेल्या निरोपातून हिरव्या बाजूचा वजा करतात. काही पेशी निळ्या आणि पिवळ्याची वजाबाकी करतात. अमेरिकेतले रसेल डी व्हॅलॉइस यांनी १९६० च्या दशकात माकडांच्या मेंदूत या पेशींचे विद्युत ठोके प्रत्यक्ष नोंदवले. लाल दाखवला की ठोके वाढत आणि हिरवा दाखवला की थांबत. काही पेशींत याच्या उलट होत असे.

याचा अनुभव घरी घेता येतो. गडद निळ्या कागदाच्या तुकड्याकडे नजर न हलवता तीस सेकंद बघा. मग लगेच पांढऱ्या भिंतीकडे बघा. भिंतीवर त्याच आकाराचा पिवळसर डाग दिसेल. निळ्या बाजूच्या पेशी थकलेल्या असतात, म्हणून तराजू पिवळ्याकडे झुकतो. मुलांना हे करून दाखवा. भिंतीवर काहीच नसताना दिसले कसे, असे त्यांना विचारा. न दिसणाऱ्या गोष्टी 'दिसतात' तेव्हा त्यामागेही शरीराचे काहीतरी कारण असते, हा धडा त्यांना आयुष्यभर पुरेल.

तीनपैकी एका प्रकारच्या शंकू पेशी जन्मतःच नसल्या किंवा वेगळ्या असल्या, तर लाल-हिरव्याची वजाबाकी नीट होत नाही. यालाच रंगांधळेपणा म्हणतात. मुलींपेक्षा मुलांत तो पुष्कळ जास्त आढळतो, कारण त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि मुलांकडे ते एकच असते. याचा इथे मुद्दाम उल्लेख करतो, कारण आपली कितीतरी मुले रेल्वे आणि सैन्याच्या भरतीसाठी वर्षानुवर्षे घाम गाळतात. लेखी होते, धावणे होते आणि शेवटी मेडिकलमध्ये ठिपक्यांचे पुस्तक समोर येते. त्यातला आकडा वाचता येत नाही आणि सगळे तिथेच संपते. जपानचे डॉक्टर इशिहारा यांनी हे ठिपक्यांचे पुस्तक १९१७ साली काढले. कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे ही तपासणी पाच मिनिटांत होते. तयारी सुरू करण्याआधीच ती करून घ्या, म्हणजे वेळेवर दुसरी वाट धरता येईल.

डोळे पुढे, बघणे मागे

प्रत्येक डोळ्यातून दहा लाखांहून जास्त तंतूंची एक जाड दोरी निघते. ती दृष्टिचेता. तिच्यातून विजेचे ठोके मेंदूच्या मधोमध असलेल्या एका थांब्यावर जातात आणि तिथून डोक्याच्या अगदी मागच्या भागात पोहोचतात. डोळे पुढे असले तरी बघण्याचे मोठे काम मागे चालते. म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला जबर मार लागला, तर डोळे शाबूत असूनही दिसणे बिघडू शकते.

हे विजेचे काम सापडायला बराच काळ लागला. १८७५ साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे डॉक्टर रिचर्ड केटन यांनी सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर तारा ठेवून विजेचे बारीक प्रवाह पाहिले. प्राण्याच्या डोळ्यावर उजेड टाकला की ते बदलतात, हेही त्यांच्या लक्षात आले. माणसाच्या बाबतीत हे काम जर्मनीतल्या येना शहरातल्या हान्स बर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने केले. कवटी न उघडता, डोक्यावरून मेंदूची वीज त्यांनी १९२४ साली नोंदवली. पाच वर्षे ते ती पुन्हा पुन्हा तपासत राहिले आणि १९२९ साली त्यांनी ती छापली.

बर्गर यांना दिसले की माणूस जागा असून डोळे मिटून शांत बसला की डोक्याच्या मागच्या भागात एका सेकंदाला आठ ते तेरा अशा संथ लाटा येतात. त्याने डोळे उघडले की त्या दबतात. या लाटांना त्यांनी अल्फा हे नाव दिले. पुष्कळांचा यावर विश्वास बसला नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून बर्गर बरोबर असल्याचे दाखवले. त्यांनी एड्रियन यांच्या स्वतःच्याच मेंदूच्या लाटा काढल्या होत्या. एड्रियन तेव्हा नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ होते, तरी त्यांनी ऐकीव गोष्टीवर हो किंवा नाही म्हटले नाही. त्यांनी स्वतः करून पाहिले.

या लाटा किती बारीक? अल्फा लाट साधारण पन्नास मायक्रोव्होल्टची असते. टॉर्चमधला सेल दीड व्होल्टचा असतो. त्याचे तीस हजार भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे ही लाट. एवढी बारीक वीज पकडायची, म्हणून तर वायरी डोक्याला घट्ट चिकटवाव्या लागतात आणि मध्ये जेल लावावी लागते.

रंग आणि उजेडाची लाट मोजतात कशी

दुसरी एक तपासणी आहे. तिला डॉक्टर व्हीईपी म्हणतात. रुग्णाला पडद्यासमोर बसवतात. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन असतात आणि ते एका सेकंदात साधारण दोनदा आपसात जागा बदलतात. एक डोळा झाकलेला असतो. डोक्याच्या मागे लावलेल्या वायरीतून शंभरेक वेळा आलेली प्रतिक्रिया घेऊन कॉम्प्युटर तिची सरासरी काढतो. निरोगी माणसात चौकोन बदलल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागात एक ठळक लाट उठते. दृष्टिचेतेला सूज आली असेल तर ही लाट उशिरा येते. १९७२ साली लंडनमधल्या हॅलिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवले. तेव्हापासून डोळा वरून ठीक दिसतो, पण नजर गेली आहे, अशा रुग्णांत ही तपासणी मोलाची ठरली. बोलता न येणाऱ्या बाळाला दिसते की नाही, हेही अशा तपासणीतून समजायला मदत होते.

उजेड कमी केला की हीच लाट उशिरा येते. याचाही घरगुती प्रयोग आहे. जर्मनीतल्या कार्ल पुल्फ्रिश यांनी १९२२ साली त्याचा उलगडा सांगितला. दोऱ्याला लिंबू किंवा खडा बांधा आणि समोरच्याला तो डावीकडून उजवीकडे सरळ रेषेत झुलवायला सांगा. तुम्ही दोन्ही डोळे उघडे ठेवा, पण एका डोळ्यासमोर काळ्या गॉगलची काच धरा. खडा सरळ झुलत असूनही तो लांबट गोल फिरतो आहे असे दिसेल, कधी जवळ येताना तर कधी लांब जाताना. काच दुसऱ्या डोळ्यासमोर धरली की फिरण्याची दिशा उलटते. काचेमागच्या डोळ्याला उजेड कमी मिळतो, त्याचा निरोप थोडा उशिरा पोहोचतो आणि दोन डोळ्यांच्या निरोपांतल्या फरकाला मेंदू जवळ-लांब समजतो. गंमत म्हणजे पुल्फ्रिश यांचा स्वतःचा एक डोळा निकामी होता. त्यांना हा देखावा कधीच दिसू शकला नाही. तरी त्यांनी दुसऱ्यांचे बघणे समजून घेऊन तो उलगडला.

रंगाची लाट उजेडाच्या लाटेपेक्षा वेगळी असते. पडद्यावरचे लाल आणि हिरवे पट्टे अगदी सारख्या उजेडाचे ठेवले, म्हणजे फरक उरला तो फक्त रंगाचा, तरी मेंदूत लाट उठते. पण ती उलट्या दिशेची असते आणि जराशी सावकाश येते. म्हणजे मेंदूत उजेडाचा आणि रंगाचा हिशोब काही अंशी वेगवेगळा ठेवला जातो.

आपल्या देशातही या विषयावर चांगले काम चालू आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले सुप्रतिम राय आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१८ साली माकडांवरचा एक अभ्यास छापला. मेंदूच्या मागच्या, बघण्याच्या भागात ज्या जलद लाटा उठतात त्यांना गॅमा म्हणतात. लाल रंग दाखवल्यावर या लाटा इतर रंगांपेक्षा पुष्कळ मोठ्या उठल्या.

याचा अर्थ लाल रंग वाईट किंवा निळा शुभ असा होत नाही. रंगीत खडे, रंगीत पाणी, रंगीत दिवे विकणारे उद्या हाच अभ्यास दाखवून तुमच्याकडून पैसे मागतील. कोणत्या रंगाने ग्रह शांत होतो, हे ईईजीच्या कोणत्याही पट्टीत आलेले नाही.

जपानमधली एक संध्याकाळ

रंग आणि चमक यांची ताकद जगाने १६ डिसेंबर १९९७ रोजी पाहिली. जपानमध्ये संध्याकाळी टीव्हीवर पोकेमॉन हे मुलांचे कार्टून चालू होते. एका प्रसंगात पडदाभर लाल आणि निळा रंग आलटून पालटून, सेकंदाला सुमारे बारा वेळा, काही सेकंद चमकला. त्या रात्री सहाशे ऐंशीहून जास्त मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. कुणाला फिट आली, कुणाला चक्कर, कुणाला उलटी. त्यातल्या अनेकांना त्याआधी कधीच फिट आली नव्हती. ते कार्टून चार महिने बंद ठेवावे लागले.

नंतर जपानी डॉक्टरांनी त्यातल्या काही मुलांना ईईजी चालू असताना तोच तुकडा दाखवला, एकदा रंगीत आणि एकदा रंग काढून. रंगीत तुकड्याने मेंदूत जास्त खळबळ झाली. म्हणजे नुसता उजेड कमी-जास्त होणे हेच कारण नव्हते, रंगांचा पालटही कारण होता.

असे का होते? मेंदूतल्या लाखो पेशी एरवी आपापल्या लयीत काम करतात. ठरावीक वेगाने चमक आली की काही जणांच्या मेंदूत त्या सगळ्या एकाच ठेक्यावर येतात. कवायतीत सगळ्यांचे पाय एकदम आपटावेत तसे. हा ठेका डोक्याच्या मागच्या भागातून पुढे पसरला की फिट येते. सेकंदाला पंधरा ते पंचवीस चमका सर्वांत धोक्याच्या. म्हणून सेकंदाला तीनपेक्षा जास्त मोठ्या चमका टाळा, असा नियम टीव्ही आणि कॉम्प्युटरच्या चित्रांसाठी आता अनेक ठिकाणी पाळतात.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. चमकेने फिट येणारे लोक थोडे असतात. अपस्मार असलेल्या शंभर जणांत साधारण तिघांना असा त्रास असतो. तो शाळकरी आणि किशोर वयात जास्त दिसतो आणि मुलांपेक्षा मुलींत जास्त. म्हणून प्रत्येक फिटचे खापर मोबाइलवर फोडू नका. पण ज्या मुलीला टीव्हीच्या अगदी जवळ बसल्यावर, फडफडणाऱ्या ट्यूबलाइटखाली किंवा बसच्या खिडकीतून झाडांमधून लुकलुकणारे ऊन बघताना झटका येतो, तिच्याबद्दल हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणखी एक खूण आयांनी लक्षात ठेवावी. वयात आलेल्या मुलीच्या हातून सकाळी उठल्या उठल्या कप पडतो, कंगवा उडतो, हाताला अचानक झटका बसतो. घरचे म्हणतात, वेंधळी आहे. रात्रीचे जागरण झाले की हे वाढते. हा अपस्माराचा एक नेहमीचा प्रकार असू शकतो आणि त्यातल्या बऱ्याच मुलींना चमकेचाही त्रास असतो. तिला रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. औषधाने हा प्रकार बहुतेकांत चांगला आटोक्यात येतो.

मिरवणुकीतले दिवे

आता आपल्या दारातली गोष्ट. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, हळदीत, वाढदिवसाला डीजेबरोबर शार्पी, स्ट्रोब आणि लेसर आले आहेत. रात्री अंधारात सेकंदाला दहा-पंधरा वेळा लखलखणारा स्ट्रोब म्हणजे चमकेचा त्रास असणाऱ्या मुलासाठी थेट धोका. लेसरचा धोका वेगळा आहे आणि तो सगळ्यांनाच आहे. त्याचा बारीक किरण सरळ डोळ्यात गेला तर दृष्टिपटल भाजू शकते. तिथे गेलेली नजर चष्म्याने परत येत नाही. मिरवणुकीतल्या लेसरने डोळ्यांना इजा झाल्यावर आपल्या राज्यात काही शहरांत पोलिसांना त्यावर बंदी घालावी लागली.

आम्ही मंडळाच्या पोरांना एवढेच विचारतो : ज्यांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले, त्यांच्या जयंतीला आपल्याच मुलाचा वाचायचा डोळा जावा का? लेसर नकोच. स्ट्रोब बंद ठेवा, साधे रंगीत दिवे लावा. त्याने मिरवणूक फिकी पडत नाही.

ईईजीला जाताना

आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा, तेल लावू नका. रोजच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवायला सांगितल्या नसतील तर चालूच ठेवा. कधी रात्री कमी झोपून यायला सांगतात, कारण अर्धवट झोपेत लाटांतला बिघाड चांगला सापडतो. तिथे डोक्यावर वीसेक ठिकाणी वायरी चिकटवतात. दुखत नाही, केस कापत नाहीत. डोळे उघडा-मिटा म्हणतात, तेव्हा बर्गर यांची अल्फा लाट बघायची असते. मग तीनेक मिनिटे जोरात श्वास घ्यायला लावतात. शेवटी चेहऱ्यासमोर एक दिवा वेगवेगळ्या वेगाने चमकवतात. हा दिवा म्हणजेच चमकेची तपासणी. काही बिघाड दिसला तर तंत्रज्ञ तो लगेच थांबवतो. सगळे मिळून तासाभराचे काम आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ते खाजगीपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते.

पट्टी चांगली आली म्हणजे आजार नाही, असे मात्र समजू नका. यंत्राने त्या अर्ध्या-पाऊण तासातलेच टिपलेले असते. फिट आली तेव्हा काय झाले, किती वेळ, आधी काय करत होती, हे बघणाऱ्याने सांगितलेले डॉक्टरांना पट्टीइतकेच लागते. जमले तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा आणि फक्त डॉक्टरांना दाखवा, ग्रुपवर टाकू नका.

घरी काय कराल

टीव्ही लांबून बघा आणि खोलीत दिवा लावून बघा. अंधाऱ्या खोलीत तोंडाजवळ धरलेला मोबाइल ही सर्वांत वाईट पद्धत. फडफडणारी ट्यूब बदला. चांगली ट्यूबही सेकंदाला शंभर वेळा उजेड कमी-जास्त करत असते, पण ते इतके जलद असते की बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. बिघडलेली ट्यूब सावकाश फडफडते, त्रास होतो तो तिचा.

अचानक लखलखाट समोर आला तर त्रास असणाऱ्याने एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा आणि तोंड फिरवावे. नुसते डोळे मिटू नयेत, कारण पापणीतून लाल चमक आत जातच राहते. एक डोळा झाकला की मेंदूत जाणारा ठेका अर्धा होतो.

झोप पुरी घ्या. आपल्या डोळ्यात आणखी एका प्रकारच्या पेशी आहेत. त्यांचा शोध गेल्या पंचवीसेक वर्षांतला. चित्र बघण्यापेक्षा दिवस आहे की रात्र, हे मेंदूला सांगणे हे त्यांचे मुख्य काम आणि निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. रात्री मोबाइलचा निळसर उजेड बघत राहिलो की मेंदूला दिवस असल्याचा निरोप जातो आणि झोप लांबते. अपुरी झोप हे फिट येण्याचे मोठे कारण आहे.

फिट आलीच, तर चप्पल, कांदा, लोखंड काही हुंगवू नका. तोंडात चमचा, कापड, पाणी काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा, डोक्याखाली मऊ कपडा ठेवा, माणसाला एका कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली, किंवा बाई गरोदर असली, तर लगेच १०८ ला फोन करा.

लपवण्याची किंमत

सर्वांत मोठे नुकसान फिट लपवण्याने होते. मुलीचे लग्न मोडेल म्हणून चिठ्ठी लपवतात. लग्नानंतर सासरी कळेल म्हणून ती गोळ्या बंद करते. गोळ्या अचानक बंद केल्या की फिट जोरात परत येते आणि मग सगळे एकदमच उघडे पडते. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. पूर्वी त्यात अशी तरतूद होती, की वारंवार फिट येणाऱ्या व्यक्तीच्या लग्नाला कोर्टात आव्हान देता येत असे. १९९९ साली संसदेने त्यातून अपस्मार हा शब्द काढून टाकला. कायद्याने डाग पुसला, आता आपण मनातला पुसायचा आहे. लग्न ठरवतानाच मोकळेपणाने सांगा. मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, कारण काही गोळ्या त्या काळात बदलाव्या लागतात. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका.

आणि बाहेरचे उतरवण्याच्या नावाखाली कुणी मुलीला मारत असेल, बांधून ठेवत असेल, मिरचीची धुरी देत असेल, तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. पोलिसांत जा. एकटीला भीती वाटत असेल तर महिला मंडळाच्या दोघी-तिघी मिळून जा.

दोनच कामे सांगतो. घरात ईईजीची चिठ्ठी पडून असेल तर या आठवड्यात तारीख घ्या. आणि शेजारी कुणी म्हणाले, डोक्याला करंट देतात, तर तिला सांगा : बाई, यंत्र करंट देत नाही. करंट आपलाच असतो, यंत्र फक्त तो वाचते.